मांजराच्या पायाला नीलगिरी

आमच्याकडे पावसाळ्यात शेतावर जायचं म्हणजे आधी पायांचा शृंगार करावा लागतो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नीलगिरीचं तेल चोळायचं, बोटांच्या बेचक्यांत जरा जास्तच, आणि मगच बांधावर पाऊल टाकायचं. नाहीतर जळवा पाहुण्यांसारख्या येतात आणि पोटभर जेवल्याशिवाय उठत नाहीत.

घरात आम्ही तिघं. माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, तिची मांजर आणि मी. मानाच्या क्रमानं बघितलं तर मांजर पहिली. गेल्या पावसाळ्यात आक्का बारशाला खानापूरला निघाली, तेव्हा बसच्या पायरीवरून ओरडली, "मांजरीला जप! तू काय, कसाबी ऱ्हाशील."

दुसऱ्याच सकाळी मांजर शेतातून आली ती मागच्या पायाला जळू लटकवून. मी जळू काढली आणि माझं काळीज असं काही द्रवलं म्हणता! गावभर सगळे पायाला तेल लावून फिरतात आणि या बिचारीनं तेवढं उघड्या पायांनी हिंडायचं? मांडीवर घेतली आणि चारी पायांना, बेचक्यांसकट, राजवैद्याच्या थाटात नीलगिरी चोळली.

ती रागानं पडवीत जाऊन बसली आणि पाय चाटायला लागली. मी कौतुकानं बघत होतो, काय ही स्वच्छता! थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबली. उठली तर मागचे पाय लटपटले. दुधाच्या वाटीकडे निघाली आणि वाटीच्या वीतभर बाजूला तोंड घातलं. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

रामनगरच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"काय लावलं?"

"नीलगिरी."

"किती?"

"मनापासून."

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "अहो, माणसाचं लिव्हर वेगळं, मांजराचं वेगळं. तिला हे तेल पचत नाही, विष होतं ते. आता अजिबात चाटू देऊ नका. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन पाय धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच या. उलटी करवायला जाऊ नका."

मांजराला अंघोळ घालणं हा एकपात्री प्रयोग नव्हे. शेजारच्या काकांनी तिची मान धरली, मी पाय धुतले आणि तिनं आम्हा दोघांवर नखांनी सह्या केल्या. मग कोंबड्यांच्या डालग्यात टॉवेलाची गादी केली, तिला ठेवली, वरून फडकं बांधलं आणि ते डालगं पोटाशी धरून मी काकांच्या मोटारसायकलवर मागं बसलो.

जंगलाच्या नाक्यावर गार्डनं हात केला. "डालग्यात काय हाय?"

"आक्काची मांजर. आजारी हाय."

"आक्काची? जावा जावा, थांबू नका!" त्यानं धावत जाऊन दांडा वर केला. मंत्र्याच्या गाडीलाही त्यानं इतकी घाई केली नसती.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, अंगावर उबदार कापड घातलं आणि म्हणाले, "वाट बघायची." आम्ही बघत बसलो. मांजर डोळे मिटून पडलेली. आणि नेमका तेव्हाच आक्काचा फोन.

"मांजर काय करतिया?"

"झोपलीया."

"फोन लाव तिच्या कानाला."

लावला. फोनमधून आक्का ओरडली, "बाये, जेवलीस का गं?" मांजरीनं एक डोळा उघडला, मान उचलली आणि घोगऱ्या आवाजात अशी लांबलचक तक्रार केली, की डॉक्टरांनी टाळीच वाजवली. मी आणि काका तर चक्क नाचलो.

"तिचा आवाज का बसलाय?" आक्कानं विचारलं.

नटानं कुठं थांबायचं ते ओळखावं. मी सगळं कबूल केलं. त्यानंतर आक्का जे बोलली ते मराठीत सुरू झालं, कन्नडात रंगलं आणि कोकणीत संपलं.

आम्ही निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की लवंगेचं, गवती चहाचं, कसलंही उग्र सुवासाचं तेल मांजरापासून लांबच ठेवायचं. आक्कानं परत आल्याबरोबर सगळ्या बाटल्या कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. आता मी बांधावर जळवांवर दाबायला तंबाखू-मिठाची पुरचुंडी घेऊन जातो. परत आलो की आक्का दारातच माझे पाय हुंगते, मग आत घेते. मांजर तिच्या मागं उभी राहून निकाल ऐकते.