चोवीस संघांची पैसेवारी

माझा धाकटा भाऊ उत्तरेश्वर छत्तीस वर्षं तलाठी होता. त्याला गर्व एकाच गोष्टीचा: पैसेवारी त्यानं कधी चावडीत बसून लिहिली नाही. पैसेवारी म्हणजे गावात पीक किती येणार याचा सरकारी अंदाज. शंभर पैसे म्हणजे भरघोस, पन्नासच्या खाली गेलं की दुष्काळ. पुष्कळजण गेल्या वर्षीचा आकडा थोडा इकडंतिकडं करून मोकळे होत. हा मात्र बांधावर जायचा, कणीस हातात धरून बघायचा. सप्टेंबरात पहिला अंदाज, ऑक्टोबरात सुधारित, पंधरा डिसेंबरला अंतिम. अंतिम लिहिली की वही बंद. मग आभाळ कोसळलं तरी आकडा बदलायचा नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हा फुटबॉलला लागला. त्याची मुलगी सोनाली इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्या गावचा संघ तिथल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो. तिनं इथं कळंबला टीव्हीवर सामने दिसायची सोय करून दिली आणि झालं! चोवीस संघ, सगळे एका मापाचे. आज सातवा असलेला तीन आठवड्यांत अठरावा. इंग्रजी नावं याच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यानं प्रत्येकाला आपल्याकडच्या गावाचं नाव दिलं. सोनालीचा संघ कळंब. जुना, सावकाश, कधी न घाबरणारा तो त्या पुरातन गावावरून तेर. पहिल्या अर्ध्या तासात धडाधड गोल मारून नंतर विझणारा तो तेरखेडा, कारण तिथं फटाके बनतात. शेवटी कोण कितव्या जागी राहणार याचा तक्ता तो वहीत लिहायचा, आणि तोही जुन्या सवयीनं तीनदाच. लीग संपते मे महिन्यात. याचा अंतिम तक्ता पंधरा डिसेंबरला तयार!

"अरे, निम्मे सामने बाकी आहेत," मी म्हटलं. मी जन्मभर गणित शिकवलंय. असला अडाणीपणा मला सोसत नाही.

"अंतिम म्हंजे अंतिम, अक्का."

चौकातला चहावाला श्रीमंत रोज चिडवायचा, "काय अण्णा, इंग्लंडात दुष्काळ जाहीर केला का न्हाय?"

"तीन गावांत केलाय," हा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. शेवटचे तीन संघ लीगमधून बाहेर पडतात, त्यांच्याबद्दल बोलायचा तो.

मला त्या तक्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला त्याच्या डोळ्यांचा घोर होता. दोन्हींत मोतीबिंदू. बार्शीच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत बजावलं होतं: उजवा फार पिकलाय, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर दाब वाढून नजर कायमची जाईल. हा म्हणे, मला सगळं दिसतंय. रोज तीच रडकथा. शेवटी वैतागून मी पैज घातली.

"तुझे शेवटचे तिन्ही बरोबर निघाले तर डोळ्यांचं नाव काढणार नाही. एक जरी चुकला तर लगेचच्या सोमवारी ऑपरेशनला बार्शी."

"कबूल!"

चोवीसांतून तीन निवडायच्या दोन हजार चोवीस तऱ्हा निघतात. मी त्याच दिवशी त्याची दवाखान्याची पिशवी भरून ठेवली. टॉवेल, दोन सदरे, पाण्याची बाटली.

एप्रिल संपता संपता दोन संघ बाहेर पडले. दोन्ही त्यानं लिहिलेले. माझी झोप उडाली. जिनं आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही ती मी पहाटे उठून मोबाइलवर तेरखेड्याचे गुण बघायला लागले, कारण त्याच्या वहीतला तिसरा तेरखेडा होता. शेवटचा सामना जिंकला तर वाचणार, नाहीतर बाहेर. आणि मला तो वाचायला हवा होता.

मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळी पाचचा सामना. भिंती तव्यासारख्या तापलेल्या. मी बसत होते, उठत होते, पाणी पीत होते, दारापर्यंत जाऊन परत येत होते.

"अक्का, एका जागी बस की. तुझ्या येरझाऱ्यांनी मला घेरी यायलीय."

"तू तुझं बघ."

तो टीव्हीपासून दोन हातांवर, मान जराशी तिरकी करून बसला होता. एक-एक अशी बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. नेमकी तेव्हाच शेजारच्या धुळाप्पाच्या नातवाची वरात गल्लीत शिरली. बँजो, ताशे. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं आणि टीव्हीचा आवाज पार बुडाला.

तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले, मोठ्या अक्षरांत आकडा बदलला.

उत्तरेश्वर माझ्याकडं वळून ओरडला, "कुणी मारला?"

मी त्याच्याकडं बघतच राहिले. एकाचे कपडे पिवळे, दुसऱ्याचे निळे, आणि टीव्ही दोन हातांवर. हा माणूस सामने बघत नव्हताच. मैदानातल्या लोकांच्या आरडाओरड्यावरून, टीव्हीवर बोलणाऱ्याच्या आवाजावरून ताडत होता.

"सांग की अक्का! कुणी मारला?"

'तेरखेड्यानं' एवढंच म्हणायचं होतं. सोमवारी निमूट गाडीत बसला असता. शब्द ओठांवर आला होता, कशाला नाकारू? पण छत्तीस वर्षं आकडा न फिरवलेल्या माणसाला खोटा आकडा सांगायला माझी जीभ वळेना.

"समोरच्यांनी! तेरखेडा गेला. तिन्ही बरोबर. जिंकलास!"

तो उठून नाचलाच. वहीवर थापा मारत म्हणाला, "बघ! डिसेंबरात लिहिलं व्हतं! म्हणे डोळे गेले!"

वरात पुढं सरकली. मी टीव्ही बंद केला.

"समोरच्यांचा रंग कोणता होता रे?"

"पांढरा."

"निळा. कधीपासून दिसत नाही तुला?"

त्यानं वहीचा कोपरा दुमडला. मग म्हणाला, "दिवाळीपासून."

"म्हणजे अंतिम तक्ता न बघताच लिहिलास. बांधावर गेलाच नाहीस तू. चावडीत बसून लिहिलीस."

माझं बोलणं लागणारं होतं, आणि लागावं म्हणूनच बोलले होते. तो खाली बसला. पैज त्यानं जिंकली होती. एवढ्यावर तो मला गप्प करू शकत होता. पण त्यानं वही उघडून माझ्यापुढं सरकवली. ओळी एकमेकींवर चढलेल्या होत्या.

"शेरा लिही शेवटच्या रकान्यात. 'प्रत्यक्ष पाहणी न करता.'"

मी लिहिलं.

"आता सही करायची तिथं बोट ठेव."

मी बोट ठेवलं. त्यानं सही केली, निम्मी माझ्या नखावर.

"बार्शीची पहिली गाडी कधी असती?"

"सहाला," मी म्हटलं आणि पिशवीतली बाटली धुवायला उठले. तीन महिन्यांत तिच्यात धूळ बसली होती.