कडीवरचा हात

आजोबांनी पहिल्या आर्चडीकनांचा घोडा सांभाळला, वडिलांनी दुसऱ्यांची बग्गी हाकली, आणि तो स्वतः तिसऱ्यांपासून मोटार चालवत आला. तरी सगळे त्याला गाडीवानच म्हणत. त्यालाही ते बरं वाटायचं.

अँग्लिकन धर्मप्रांतात बिशपांच्या खालोखाल मान आर्चडीकनांचा. गावोगावची चर्चेस तपासायची, छत गळतंय का, भिंतीला ओल आहे का, पाळकाचं मंडळींशी जमतंय का ते पाहायचं आणि बिशपांच्या कानावर घालायचं. म्हणून जुनी माणसं या पदाला बिशपांचे डोळे म्हणत. पहिले साहेब असे कडक, की त्यांच्या घोड्याच्या टापा ऐकल्या की पाळक आधी झाडू शोधायचे आणि मग बायबल. दुसरे खाण्याचे शौकीन. बग्गीच्या स्प्रिंगा त्यांच्यापुढे हात टेकायच्या. तिसऱ्यांना भांडणं मिटवायची भारी हौस. भांडण नसलं तर एखादं लावूनही द्यायचे. हा इतिहास कुणी छापला नाही. तो गाडीवानाच्या घरी जेवणाच्या ताटावर सांगितला जायचा, आणि दर पिढीत त्यात थोडं तिखटमीठ वाढायचं.

चौथे साहेब मात्र कमी बोलणारे. लग्न केलं नाही, गोतावळा नाही, एक भाची तेवढी. चर्चमध्ये शिरले की कोट काढून स्वतः शिडीवर चढत, काठीने तुळया ठोकत, चाकूचं टोक लाकडात खुपसून पाहत. खाली उतरले की कपाळावर जाळी आणि चेहऱ्यावर समाधान. गाडीवानाचा त्यांच्यावर जीव होता.

मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदूने धरलं. कडेचं दिसेना, मग समोरचंही धूसर झालं. बिशपांना कळलं असतं तर साहेबांना घरी बसावं लागलं असतं. आणि ही खुर्ची रिकामी झाली की पुन्हा भरायची नाही, असं बिशपांनी बैठकीत आधीच बोलून ठेवलं होतं. या कामाशिवाय साहेबांना दुसरं होतं तरी काय?

दोघांत काही ठरलं नाही, पण गाडीवान हळूच साहेबांच्या शेजारी चालू लागला. ‘पायरी आहे,’ ‘डावीकडे चर्चच्या कारभारीणबाई हात पुढे करतायत,’ असं पुटपुटत तो त्यांना सांभाळून न्यायचा. साहेब मंडळींशी बोलत बसले की तो छत, खिडक्या, पन्हाळी बघून यायचा आणि गाडीत सगळं सांगायचा. साहेब ऐकून अहवाल सांगत, कार्यालयातला कारकून तो टंकून घेई. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

“तुमचा नवरा आता अर्धा आर्चडीकन झालाय,” कारकून गाडीवानाच्या बायकोला म्हणाला. त्याला वाटलं, गाडीवानाला मोठेपणाची हौस आली आहे.

“पगार मात्र अख्ख्या ड्रायव्हरचाच आहे,” ती म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

असंच एका लहान चर्चमध्ये गाडीवानाने वर पाहिलं. तुळईला नुकताच रंग दिला होता, चकचकीत दिसत होती. त्याने सांगितलं, तुळई ठीक आहे. आतून ती वाळवीने पोखरली होती. पावसाळा संपता संपता तिचा तुकडा कोसळला आणि झाडलोट करणाऱ्या म्हातारीच्या खांद्याचं हाड मोडलं. साहेबांना कुणी दोष दिला नाही. इमारत जुनी, चालायचंच. गाडीवान दोनदा फळं घेऊन म्हातारीला भेटून आला. साहेब एकदा बिशपांना भेटून आले, आणि तेव्हापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

पुढच्या महिन्यात एका चर्चला नवा पाळक मिळाला. आर्चडीकनांनी नव्या पाळकाचा हात धरून चर्चच्या दाराच्या कडीवर ठेवायचा आणि हे घर तुझ्या हाती दिलं असं म्हणायचं, ही जुनी रीत. बिशप स्वतः आले होते. दारासमोरची पायरी उंच होती, म्हणून गाडीवान साहेबांच्या अगदी अंगाला लागून उभा राहिला. नेमका तिथेच, जिथे पाळकाने उभं राहायचं. पाळक बिचारा संकोचाने मागे सरकला. साहेबांनी हात पुढे केला, गाडीवानाचा हात धरला, कडीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “हे घर तुझ्या हाती दिलं.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. साहेबांच्या डोळ्यांकडे बिशप पाहत राहिले आणि गाडीवानाला समजलं, की संपलं. ज्याला झाकायला तो जवळ उभा राहिला, त्यालाच त्याने उघडं पाडलं होतं.

साहेब निवृत्त झाले. पद बंद झालं, त्याचं काम बिशपांच्या कचेरीत गेलं. गाडीवानाला नोकरी आणि नोकरीबरोबर मिळालेलं घर सोडायला गाडी विकेपर्यंतची मुदत मिळाली. साहेबांना भाचीच्या घरी सोडायला तो निघाला तेव्हा वाटेत त्याला राहवलं नाही.

“माझं चुकलं, साहेब. मी तिथे उभं राहायला नको होतं.”

“तुझा हात मला धरल्याबरोबर कळला,” साहेब म्हणाले. “अंगठ्याखाली घट्टा आहे तुझ्या.”

गाडीवानाने गाडी कडेला घेतली. “मग सोडला का नाही?”

“म्हातारी पडल्यावर तू मला बिशपांकडे नेलं होतंस. सगळं सांगायला गेलो होतो. हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो, जीभ रेटली नाही. त्या दिवशी तुझा हात हातात आला आणि म्हटलं, आता बोलावं लागणार नाही.”

“मला आधी सांगायचं तरी!” गाडीवान पहिल्यांदाच साहेबांवर ओरडला. “माझं घर गेलं, लोक हसले मला. एवढं केलं तुमच्यासाठी!”

“सांगितलं असतं तर तू हात काढून घेतला असतास.”

गाडीवान स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. त्याने हात काढून घेतलाच असता. म्हातारीचा खांदा आठवूनही काढून घेतला असता, आणि पुढच्या चर्चमध्ये पुन्हा साहेबांच्या शेजारी चालला असता.