वाढत्या अंगाची सायकल

सलिल, तुझीच गोष्ट सांगते. मध्ये बोलू नकोस.

डोंबिवलीच्या सलिलने चोपन्नाव्या वर्षी पहिली माउंटन बाइक घेतली, लेकीबरोबर येऊर चढायला. माजिवड्याचा दुकानदार बजावत होता, "काका, तुम्हाला मधला साइझ." पण गणवेशसुद्धा वाढत्या अंगाचा घेणाऱ्या घरातला हा! त्याच किमतीत मोठी मिळते म्हटल्यावर मोठीच आणली. पाय जमिनीला टेकेनात.

"आता आणखी वाढणारेस का रे?" मंदामावशीने विचारलं.

लेक उर्वी येऊरला एकटीच गेली. तोंड पाडून सलिल म्हणाला, "मावशी, शनिवारी बदलून आणू. तू चल, तुला भांडता येतं."

शनिवारी मावशी साडी नेसून तयार. साहेब मात्र जिन्याच्या पायरीवरून सायकलवर चढायचा सराव करत होते. माजिवड्याला जायचं राहिलंय ते राहिलंयच.