न पडलेला कौल

दुर्वाला दोन वर्षं पूर्ण झाली तरी ती मला आई म्हणत नव्हती. कोणालाच काही म्हणत नव्हती. हाक मारली तर मान वळवायची नाही, कडेवर घेतलं तर तोंडाकडे बघायची नाही. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायची आणि झाकण काढून घेतलं की असा आकांत करायची की शेजारच्या बायका दारात यायच्या. तहान लागली की माझा हात धरून माठापर्यंत ओढत न्यायची. बोट दाखवून तिने कधी काही मागितलं नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. हे सैन्यात, तेव्हा सीमेवर होते. फोन लागला तर लागला. घरात मी, दुर्वा आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. "तिचा बापबी उशिराच बोलला," असं आत्या म्हणायच्या आणि गावही तेच म्हणायचं. सर्दीसाठी कोरेगावच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी दुर्वाकडे थोडा वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाले, "साताऱ्याला लहान मुलांच्या वाढीची तपासणी करतात. एकदा दाखवून घ्या. थांबू नका."

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आदी भैरोबाला इचारू. त्यो व्हय म्हणला तर जाऊ." आमच्याकडे सोयरीक असो की बोअर मारायची असो, कौल लावल्याशिवाय काही होत नाही. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना फुलाची एकेक कळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मला स्वतःला कोणता कौल हवा होता, ते मात्र समजत नव्हतं. उजवी पडली तर डॉक्टर काय सांगतील याची धास्ती. डावी पडली असती तर खरं म्हणजे मला हायसंच वाटलं असतं. देवानेच थांबवलं, असं म्हणून घरी बसता आलं असतं. त्या रविवारी देवळाच्या पायऱ्या चढताना माझा देवावर भरवसा होता, असं मी म्हणणार नाही.

गुरवाने मूर्तीवर पाणी घातलं, कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा, लेकराला तपासायला न्यायाचं का थांबायाचं, मोकळा कौल दे." कोणीतरी घंटा वाजवली. दुर्वा दोन्ही कान झाकून किंचाळायला लागली. सगळे वळून बघू लागले. मी तिला घेऊन खांबाच्या आडोशाला उभी राहिले. कळ्या काही पडेनात. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, धूप फिरवला. मागे आणखी माणसं कौलासाठी खोळंबली होती. ऊन उंबरा ओलांडून आत आलं, तरी दोन्ही कळ्या जागच्या जागी. ओल्या दगडाला कळी धरून राहते, हे मलाही कळतं. त्यावर मी वाद घालत नाही. झालं ते सांगते.

शेवटी गुरव ओशाळून म्हणाले, "मावशी, आज देव बोलंना झालाय. मागनं कळी पडली की सांगावा धाडतो."

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "नगं. कंची बी पडू दे, सांगू नगा." मग माझ्याजवळ आल्या, किंचाळणारी दुर्वा त्यांनी माझ्याकडून घेतली. तिने पाय झाडले, ओरबाडलं. त्यांनी सोडली नाही. मूर्तीकडे बघत त्या म्हणाल्या, "ह्यो कवा आपल्याशी बोललाय? तरी आपुन येतोच की. बोलत न्हाई म्हणून आपला न्हाई व्हय? ही बी तशीच. चल, उद्या साताऱ्याला जाऊ."

मी पायऱ्यांवर बसून रडले. चढताना जो भरवसा नव्हता, तो तिथे मिळाला.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात नुसतं नाव नोंदवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. त्या दिवशी मात्र खोलीत सतरंजी अंथरलेली होती, तिच्यावर ठोकळे, बाहुली, चेंडू. डॉक्टर मॅडम दुर्वासमोर मांडी घालून बसल्या. खेळता खेळता मला एकेक विचारू लागल्या. नावाने हाक मारली तर बघते का?

"कधीकधी," मी म्हणाले.

"न्हाई बघत," आत्या मागून म्हणाल्या. "पोरी, हितं तरी खरं सांग." मग त्याच सांगू लागल्या, "हिची आई रानात गेली की मी दाराआडनं हिला हाका मारती. ताट वाजवलं तर वळती, माज्या हाकंला न्हाई. टाटा करत न्हाई. दुसरी पोरं आली तर त्यांच्यात जात न्हाई."

"किती दिवसांपासून वाटतंय आजी, असं?"

"लय दिस झालं. तवापास्नंच रविवार धरलाय मी."

आत्यांचा रविवारचा उपास त्यांच्या लेकासाठी, सीमेवर तो सुखरूप राहावा म्हणून, असं मी समजत होते. एका चुलीवरचं जेवणाऱ्या आम्ही दोघी एकच भीती एकमेकींपासून लपवत होतो.

कानांची तपासणी झाली; कान चांगले होते. पुढच्या भेटींमध्ये मॅडमनी स्वमग्नता हा शब्द सांगितला. आत्यांनी विचारलं, "बरी हुईल का?" मॅडम म्हणाल्या, "हा आजार नाही आजी, बरा व्हायला. तिची शिकायची रीत वेगळी आहे. ती आपण शिकून घ्यायची." आत्यांनी सतरंजीवरचा चेंडू दुर्वाकडे लोटला. मग म्हणाल्या, "मग शिकू की."

आता दर आठवड्याला आम्ही साताऱ्याला जातो. तिथे शिकवलेले खेळ घरी आत्या माझ्यापेक्षा चिकाटीने घेतात. हे रजेवर आले की तेही सतरंजीवर बसतात. दुर्वा अजून आई म्हणत नाही. पण हवी असलेली वस्तू ती बोटाने दाखवते आणि आत्यांनी गाल पुढे केला तर त्याला हात लावते. पुढे बोलेलच, असं मॅडमनी कबूल केलेलं नाही. मीही विचारणं सोडलंय.

पूर्वी देवापुढे उभी राहिले की माझं मागणं संपत नसे. देवावर सोपवणं म्हणजे आपण हात झटकणं, असं मला वाटायचं. आता आपल्या वाटणीचं काम मी करते, फळाची काळजी त्याच्याकडे ठेवते. दिवा लावते आणि काही न मागता थोडा वेळ बसते.

परवा अशीच डोळे मिटून बसले होते. मांडीवर ओझं आलं म्हणून बघितलं, तर दुर्वा आपली आपण येऊन बसली होती. मी हाक मारली नव्हती. देवा, तुझे उपकार, एवढंच मनात म्हटलं. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. वात विझेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.