मानपत्राच्या शेवटच्या दोन ओळी

नव्वदच्या दशकात मी शिरोळकडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि पीएच.डी. करत होते बायझंटाईन कवींवर. कॉन्स्टँटिनोपलमधले, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे हे कवी. उसाच्या पट्ट्यात बसून हे कसले उद्योग, असं सगळे विचारायचे. मला ते कवी आवडायचे, कारण ते लाजत नसत. धन्याची स्तुती करायची आणि शेवटी थंडी वाजते, डगला पाठवा, असं सरळ मागायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला हवी होती सहा महिन्यांची रजा. लागणारी पुस्तकं दिल्लीतल्या एका वाचनालयात होती. ती वाचल्याशिवाय प्रबंध पुरा होणार नव्हता, आणि विद्यापीठाची मुदत संपत आली होती. रजा द्यायची ती संस्थेच्या अध्यक्षांनी, पण प्राचार्यांनी माझा अर्ज त्यांच्यापर्यंत जाऊच दिला नाही. दोनदा परत केला.

अशात अध्यक्षांची एकसष्टी आली आणि पद्यात मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, थांबा आता. अठरा ओळी स्तुती केली, त्यातली निम्मी खरी होती. शेवटच्या दोन ओळींत रजा मागितली आणि भर मांडवात मानपत्र माईकवरून वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मला शाल आणि नारळ दिला, हात जोडले आणि पुढच्या हाराकडे वळले.

घरी आल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचासुद्धा आला. मानपत्र आपल्याकडे फोटोपुरतं हातात धरतात, ऐकत कोणी नाही, हे इतके समारंभ पाहून मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाल घडी करून पिशवीत घातली आणि थेट अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले.

"मॅडम, मानाची शाल कुणी परत करतंय व्हय?" ते मोठ्यानं म्हणाले.

"शाल मी मागितली नव्हती. रजा मागितली होती."

"कवा?"

"काल. शेवटच्या दोन ओळींत."

फ्रेम केलेलं मानपत्र हारांच्या ढिगाखाली होतं. त्यांनी ते काढायला लावलं, चष्मा लावला आणि ओठ हलवत सगळं वाचलं.

"ह्ये आमी ऐकलंच न्हाय की," ते जरा हळू म्हणाले. मी माझ्या कवींची गोष्ट सांगितली. त्यावर त्यांनी विचारलं, "मग मागितल्यावर मिळायचं त्यास्नी?"

"कधी मिळायचं, कधी नाही. मागायचं सोडायचे नाहीत."

अर्ज माझ्या पर्समध्ये होताच. त्यांनी तिथंच सही केली. "बिनपगारी घ्या. सगळंच द्यायला मी काय राजा न्हाय. आनि शाल न्या. दिल्लीत थंडी असती."

"मला थंडी वाजत नाही," मी हट्टानं म्हणाले. पण शाल घेतली.

जानेवारीत दिल्लीच्या त्या वाचनालयात माझी बोटं वळत नव्हती. रोज ती शाल दुहेरी करून गुंडाळून बसायचे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी तिच्यातच लिहिलं. ते संपलं त्या दिवशी अध्यक्षांना चार ओळी लिहून पोस्टानं पाठवल्या. कोणी सांगितलं नव्हतं, मागायचंही काही नव्हतं. त्या चारही ओळी खऱ्या होत्या.