मन शांत करणारा हिरवा

आबिड्सच्या आमच्या ऑफिसातले आम्ही चार-पाच जण अजून अधूनमधून भेटतो. तब्येती, मुलं, सगळं बोलून होतं आणि मग कुणीतरी भिंतींचा विषय काढतं. झालं! चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. हसतो खूप.

*

नव्वद सालानंतरचे दिवस. कंपनीत नवे वारे शिरले आणि पुण्याहून सानेसाहेब आले. कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये त्यांनी रंगांबद्दल ऐकलं होतं. आल्या आल्या मळकट भिंती झगझगीत पिवळ्या करून घेतल्या. "पिवळ्यानं माणसाला एनर्जी येते!"

आठवडाभरात सगळ्यांची डोकी दुखायला लागली. टायपिस्ट सुलभाताईंना मुळात अर्धशिशी. त्या काळा गॉगल लावून टाइप करायला लागल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, एनर्जी सोसवेना!"

*

मग कॉम्प्युटर आले, त्यांच्यासाठी एसी आला आणि हॉल निळा झाला. भर मे महिन्यात अंबरपेठचे आमचे जोशी स्वेटर घालून बसायचे. एकदा कुडकुडत प्यून खाजाभाईंना म्हणाले, "भाई, एसी जरा कम करो ना."

"कौनसा एसी साब? परसों से बंद पडा है!"

जोशींनी तरीही स्वेटर काढला नाही.

*

त्याच वर्षी माणसं कमी करायचं ठरलं. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. कोपऱ्यातली स्टोअररूम रिकामी करून तिथे एक टेबल, दोन खुर्च्या ठेवल्या. साहेबांनी आठ दिवस शेडकार्ड चाळून फिका हिरवा निवडला. "यानं मन शांत राहतं. माणूस भांडत नाही."

आणि खरंच, कुणी भांडलं नाही! माणूस आत जायचा, वीस मिनिटांत सही करून बाहेर यायचा. जोशी पहिल्याच आठवड्यात गेले.

*

सुलभाताईंना अजून बोलावणं आलं नव्हतं. मुलीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर सुलतान बाजारात साड्या घ्यायला गेले. दुकानदारानं एक फिकी हिरवी साडी उलगडली. सुरेख होती. ताईंनी पदराला हात लावला आणि त्या खालीच बसल्या.

"क्या हुआ अम्मा?" दुकानदार घाबरला.

"कुछ नहीं. दुसरा कलर दिखाओ."

*

शेवटी मुंबईच्या हेड ऑफिसची माणसं आली आणि त्या खोलीत बसली. संध्याकाळी त्यांनी सानेसाहेबांनाच आत बोलावलं.

वीस मिनिटांनी साहेब बाहेर आले. पेन हातात तसंच उघडं होतं. दाराशी खाजाभाई उभे होते, मी रजिस्टर घेऊन त्यांच्या मागे.

"खाजाभाई, अंदर का कलर कौनसा है?"

"हरा है साब. आपीच पसंद करे थे ना."

"नहीं," साहेब म्हणाले. "अंदर तो सब सफेद था."