गाभण शेळ्यांचं विचारलं

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या आत किरणांच्या बिया बसवल्या, तांदळाच्या दाण्याहून बारीक. त्या कायमच्या आतच राहतात म्हणे, जोर तेवढा हळूहळू मरतो. घरी सोडताना ते म्हणाले, दोन महिने पोटुशी बाईच्या फार जवळ बसू नका, लहान मूल मांडीवर घेऊ नका.

लेकीला तेव्हा सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्याच आठवड्यात तिला किकवीहून आमच्या वेल्ह्याच्या वरच्या वाडीला आणायचं ठरलं होतं. तिचंच विचारायचं होतं. पण आधीच दुखणं असल्या जागेचं, त्यात समोर तरणी नर्स उभी. तिच्यादेखत लेकीच्या पोटाचं बोलायला जीभ रेटेना. मी शहाण्यानं विचारलं, आमच्या गाभण शेळ्यांचं कसं?

डॉक्टर हसले. म्हणाले, मग दोन महिने गोठ्याकडं फिरकूच नका.

त्यांनी चेष्टा केली आणि मी ती गाठीला बांधली. शेळ्या बायकोवर सोपवल्या. लेकीला बायकोकडून निरोप धाडला, विहीर आटलीय, यंदा येऊ नकोस. दुखण्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, अशी बायकोला शपथच घातली होती. लेक फोनवर एवढंच म्हणाली, बरं. त्यानंतर तिनं फोन केला नाही. मुलगा झाल्याचं जावयानं कळवलं.

दोन महिने उलटल्यावर तपासणीला गेलो, तेव्हा कुठं धीर करून लेकीचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, अहो, दोन हात लांब बसायचं, वेगळं झोपायचं. लेक घरात चालली असती. आता नातवाला खुशाल मांडीवर घ्या. मी खुर्चीतच बसून राहिलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तिथून तसाच किकवीला उतरलो. व्याही ओसरीवर बसले होते. लेक बाळाला घेऊन दारात आली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली.

"आबा, विहिरीला पानी हाय. म्या शेजारच्या काकीला इचारलं," ती म्हणाली. "तुमाला आमी नको हुतो, तर तसं सांगायचं."

खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं मिटलं असतं. व्याही माझ्याकडंच बघत होते. त्या जागेचं नाव माझ्या तोंडातून निघेना.

"व्हय, चुकलं माझं," मी म्हणालो, आणि पोराला हात न लावता माघारी फिरलो.